नांव द्यावें, कीं शाखा काढावी?

एका जिल्ह्याच्या गांवीं राहणाऱ्या एकत्र कुटुंबाकडून आम्हांस पत्र आलें आहे. वडिलांनीं चाळीस वर्षांपूर्वीं घातलेलें फराळाचें व मसाल्याचें दुकान आज दोघे बंधु चालवितात. चकलीची भाजणी, मेतकूट, चिवडा व गोडा मसाला यांसाठीं आसपासच्या तालुक्यांतून गिऱ्हाईक येतें. आतां पुणें, नाशिक व नागपूर येथील तिघां गृहस्थांनीं त्यांच्याकडे मागणी केली आहे कीं, 'तुमचें नांव आम्हांस द्या. जागा आमची, भांडवल आमचें. तुम्हांस आरंभीं एक रोख रक्कम व पुढें विक्रीवर दरमहा ठराविक टक्के मिळतील.' धाकटे बंधु व पुतणे म्हणतात, अशी संधि दवडूं नये. वडील बंधूंस वाटतें कीं, नांव एकदां घराबाहेर पडलें म्हणजे तें आपल्या हातीं राहत नाहीं. आणि ज्यांच्या हातच्या भाजणीवर दुकानाचा लौकिक उभा आहे, त्या थोरल्या वहिनींनीं एवढेंच विचारलें आहे: "माझा हात तीन गांवांत कसा जाणार?"

हा प्रश्न एका घराचा असला तरी अनेक घरांत आज तो उभा आहे. कोणाचा शिकवणीचा वर्ग चालला आहे, कोणाचें पोळीभाजी केंद्र, कोणाचें औषधांचें दुकान. म्हणून या महिन्याचें हें सदर आम्ही त्यासच देत आहों.

फ्रँचायझी हा शब्द आतां मराठींत रुळला आहे. नांव, रीत व देखरेख एकाची. जागा, भांडवल व रोजचे श्रम दुसऱ्याचे, हा त्याचा सरळ अर्थ. ही पद्धति नवी नव्हे. शिवणयंत्रें विकणाऱ्या अमेरिकेंतील सिंगर कंपनीनें १८५० नंतरच्या दशकांतच ठराविक प्रदेशांतील विक्रीचे हक्क बाहेरच्या माणसांस देऊन आपला पसारा वाढविला होता. शाखा काढली म्हणजे नफा आणि तोटा दोन्हीं आपलीं. फ्रँचायझी दिली म्हणजे तोटा प्रथम दुसऱ्याचा. म्हणूनच या मार्गाचा मोह मोठा असतो. परंतु पदार्थ बिघडला तर गिऱ्हाईक दुकान चालविणाऱ्या गृहस्थांस दोष देत नाहीं, पाटीवरील नांवास देतें. भांडवल त्यांचें जातें, अब्रू आपली जाते. हें ध्यानांत धरून आम्ही पुढील प्रश्न क्रमानें मांडतों. पहिल्याचें उत्तर मिळाल्यावांचून दुसऱ्याकडे वळूं नये.

पहिला प्रश्न वहिनींचाच आहे. आपण विकतों ती वस्तु हातापासून वेगळी काढतां येते काय? भाजणीचें प्रमाण त्यांस तोंडपाठ असेल. परंतु डाळ 'खमंग वास सुटेपर्यंत' भाजावी, हें प्रमाण कागदावर उतरत नाहीं. तांदूळ नवा कीं जुना, पावसाळ्यांत धान्य सर्दलें आहे कीं काय, गिरणीवाल्यानें जाड दळलें कीं बारीक, या सर्व गोष्टी त्यांचा हात आपोआप सांभाळून घेतो. तो सांभाळ वजनांत, मिनिटांत व उष्णतेच्या अंशांत लिहितां आला पाहिजे. वहिनी भाजत असतां सुनेनें शेजारीं तराजू व घड्याळ घेऊन बसावें, दहा-पंधरा खेपांची नोंद करावी, आणि मग त्या नोंदीवरून घरांतील ज्यानें कधीं कढईस हात लावला नाहीं अशा माणसानें भाजणी करावी. ती वहिनींच्या भाजणीपासून गिऱ्हाइकास ओळखतां आली नाहीं, तर रीत देण्याजोगी झाली. ओळखतां आली, तर अजून देण्यासारखें कांहींच तयार नाहीं. असलें तर केवळ नांव आहे, आणि रीतीवांचून नांव देणें म्हणजे कोरी हुंडी सही करून देणें होय.

कांहीं वस्तूंच्या बाबतींत सर्व रीत देण्याची गरजच नसते. येथें एक उदाहरण सांगतों. तें सामिष आहे याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी, त्यांतील व्यवहार आपल्या उपयोगाचा आहे. अमेरिकेच्या केंटकी संस्थानांत कॉर्बिन गांवीं हारलँड सँडर्स यांचें हॉटेल होतें. १९५२ सालीं त्यांनीं आपली कोंबडी तळण्याची रीत सॉल्ट लेक सिटी येथील पीट हार्मन या हॉटेलवाल्यांस प्रथम दिली. पुढें नवा हमरस्ता गांवास वगळून जाऊं लागला व त्यांचें स्वतःचें हॉटेल बसलें. तेव्हां मोटारींत प्रेशर कुकर व मसाला घालून ते गांवोगांव हिंडले आणि विकलेल्या दर कोंबडीमागें चार, पुढें पांच सेंट घेऊन नांव व रीत देऊं लागले. तळण्याची क्रिया त्यांनीं शिकविली, परंतु मसाल्याचें प्रमाण कोणास सांगितलें नाहीं. तो मसाला घरीं मिसळून पाठविला जाई, आणि मिसळण्याचें व बांधून रवाना करण्याचें काम त्यांच्या पत्नी क्लॉडिया करीत. आपल्याकडेही २००४ सालीं कल्याण येथें सुरू झालेल्या गोली वडापावनें वडा मध्यवर्ती कारखान्यांत करून, गोठवून दुकानांस पाठविण्याची पद्धत घातली. वहिनींच्या प्रश्नास यांत उत्तर आहे. हात तीन गांवांत जाणार नाहीं, जाण्याची गरजही नाहीं; भाजणी व मसाला एकाच ठिकाणीं होऊन तिन्हीं गांवांस जावा. मात्र त्यासाठीं घरचें स्वयंपाकघर पुरणार नाहीं. स्वतंत्र जागा, भट्टी, गिरणी व माणसें लागतील आणि तो खर्च आपला आहे. 'भांडवल दुसऱ्याचें' हें वाक्य येथें अर्धेंच खरें ठरतें.

दुसरा प्रश्न: आपण समक्ष नसतांना आपलें दुकान चालतें काय? आमचें स्पष्ट मत आहे कीं, ज्यानें स्वतःच्या भांडवलावर दुसऱ्या गांवीं एक दुकान घालून तें पूर्ण वर्षभर चालविलें नाहीं, त्यानें कोणासही फ्रँचायझी देऊं नये. वर्षभर अशासाठीं कीं, दिवाळीची झुंबड, चातुर्मासांतील उपवासाच्या पदार्थांची मागणी, उन्हाळ्यांतील मसाल्याचा हंगाम आणि त्यानंतरचा मंदीचा काळ, हे सर्व त्यांत येऊन जावेत. आपल्या गांवीं वडिलांची ओळख आहे. गिऱ्हाईक आपल्याला नांवानें हांक मारतें. परक्या गांवीं पाटीखेरीज ओळख नाहीं. तेथें माल खपतो कीं नाहीं, भाडें परवडतें कीं नाहीं, उरलेला माल किती फेंकावा लागतो, हें आपल्या पैशानें शिकावें. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या शिलकेवर तो प्रयोग करणें आम्हांस सभ्यपणाचें वाटत नाहीं.

तिसरा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाहीं: आपले टक्के दिल्यावर त्या गृहस्थांस काय उरतें? केवळ नमुन्यादाखल आंकडे घेऊं. समजा, दुकानाची मासिक विक्री ६ लक्ष रुपये आहे. मालाची किंमत शेंकडा ५५ प्रमाणें ३ लक्ष ३० हजार. भाडें ६० हजार. पगार ७५ हजार. वीज व किरकोळ २५ हजार. नासधूस शेंकडा ३ प्रमाणें १८ हजार. उरले ९२ हजार. त्यांतून आपली रॉयल्टी शेंकडा ६ व जाहिरातीचा वाटा शेंकडा २, मिळून ४८ हजार. शिल्लक ४४ हजार. दुकान घालण्यास लागलेल्या २५ लक्षांवर शेंकडा ११ दरानें व्याज धरलें तर महिन्यास सुमारें २३ हजार. म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाच्या हातीं २१ हजार पडले. एवढा पगार तो दुसऱ्याकडे नोकरी करूनही मिळवील. आतां विक्री ६ ऐवजीं ५ लक्ष झाली असें धरा. भाडें, पगार व वीज तेवढींच राहतात. माल व नासधूस वजा जातां ५० हजार उरतात. आपले ४० हजार आपण घेतों. त्यांस १० हजार राहतात आणि व्याजही भागत नाहीं. त्या महिन्यांत ते तोट्यांत आणि आपण फायद्यांत! टक्के विक्रीवर असतात, नफ्यावर नसतात, हें या पद्धतीचें मर्म आहे. असा मनुष्य पुढें काय करील? बाजारांतून स्वस्त तेल आणील, शिळा चिवडा ताज्यांत मिसळील, विक्री कमी लिहील. तो मुळांत अप्रामाणिक असतो असें नव्हे; आपण आंखलेल्या हिशेबांत प्रामाणिकपणास जागाच उरलेली नसते. म्हणून विक्री अपेक्षेहून पंचमांशानें कमी झाली तरी त्यांचें घर चालेल, असे टक्के ठरविणें शक्य असेल तरच हा मार्ग धरावा.

चौथा प्रश्न आपल्या बाजूचा. मिळणाऱ्या टक्क्यांत देखरेख भागते काय? येथें दोघां बंधूंचीच हकीगत उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियांत सॅन बर्नार्डिनो येथें रिचर्ड व मॉरिस मॅक्डोनाल्ड यांनीं १९४८ सालीं आपल्या खाद्यगृहाची पुनर्रचना केली. पदार्थ मोजके नऊ ठेवले, प्रत्येक क्रिया वांटून दिली व किंमत उतरविली. त्यांनीं कांहीं जणांस नांव व रीत दिली; परंतु देखरेख ठेवण्याची त्यांस हौस नव्हती, आणि जो तो आपल्या मनाप्रमाणें दुकान चालवूं लागला. १९५४ सालीं पेयें घुसळण्याचीं यंत्रें विकणारे रे क्रॉक त्यांस भेटले व फ्रँचायझी देण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. १५ एप्रिल १९५५ रोजीं शिकागोजवळ डेस प्लेन्स येथें क्रॉक यांनीं प्रथम स्वतःचें दुकान उघडलें. एकाच गृहस्थांस मोठा प्रदेश एकदम विकण्याची तेव्हांची सर्रास चाल त्यांनीं टाळली व बहुधा एकेका दुकानाचाच हक्क ते देत. प्रवेशशुल्क ९५० डॉलर व विक्रीवर शेंकडा १.९ असा दर होता, त्यांतील ०.५ बंधूंस जाई. राहिलेल्या १.४ टक्क्यांत शिकविणें, तपासणें व हिंडणें भागेना. शेवटीं हॅरी सोनबोर्न या त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ पासून जागा कंपनीनें घेऊन ती दुकानदारास पोटभाड्यानें देण्याची युक्ति काढली, आणि कंपनी सांवरली ती त्या भाड्यावर. तीन दुकानांच्या टक्क्यांत एक जाणता निरीक्षक, त्याचा प्रवास व मालाची तपासणी भागत नसेल, तर ती देखरेख होणार नाहीं. आणि मग वडील बंधूंची भीति खरी ठरेल.

याच हकीगतीचा शेवट पांचव्या प्रश्नाकडे नेतो: नांव कोणाचें? १९६१ सालीं मॅक्डोनाल्ड बंधूंनीं आपला सर्व हक्क क्रॉक यांस २७ लक्ष डॉलरांस विकला. सॅन बर्नार्डिनोचें मूळ दुकान त्यांनीं आपल्याकडे ठेवलें. पण नांव विकलें गेलें असल्यामुळें त्या दुकानावरील स्वतःच्याच आडनांवाची पाटी त्यांस उतरवावी लागली व 'द बिग एम' ही नवी पाटी लावावी लागली. पैसा त्यांस मिळाला, व्यवहार उघड झाला, कोणीं फसविलें असें येथें म्हणावयाचें नाहीं. परंतु वडिलांच्या नांवानें चालणाऱ्या दुकानाच्या मालकांनीं नांव ही विक्रीची वस्तु होऊं शकते, हें समजूनच कागदावर सही करावी.

आपल्याकडील एकत्र कुटुंबांत तर नांव कोणाच्या मालकीचें हें कोणीं ठरविलेलेंच नसतें. बिकानेरच्या हल्दीराम घराण्यांत दिल्लीकर व कलकत्तेकर शाखांमधील नांवाचा वाद १९९१ सालीं न्यायालयांत गेला आणि त्यांतील एक मुद्दा २००० सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला. सबब कोणास फ्रँचायझी देण्यापूर्वीं १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखालीं नांव नोंदवावें. ती नोंद दहा वर्षें टिकते व पुनःपुन्हां वाढवितां येते. नोंद एका भावाच्या नांवें, भागीदारीच्या नांवें कीं खासगी कंपनीच्या नांवें, याचा निर्णय घर एक आहे तोंवरच करावा. वांटणीच्या दिवशीं तो होत नाहीं.

यानंतर करारपत्र. फ्रँचायझीसाठीं भारतांत स्वतंत्र कायदा नाहीं. १८७२ चा करारांचा कायदा, व्यापारचिन्हांचा कायदा व अन्नपदार्थांसाठीं २००६ चा अन्नसुरक्षा कायदा यांवरच हे व्यवहार चालतात; आणि अन्नाचा परवाना प्रत्येक जागेस वेगळा लागतो. अमेरिकेंत १९७८ सालीं केलेल्या व पुढें २००७ सालीं सुधारलेल्या नियमाप्रमाणें, पैसे घेण्यापूर्वीं किंवा सही होण्यापूर्वीं किमान १४ दिवस संपूर्ण माहितीपत्रक समोरच्याच्या हातीं द्यावें लागतें. आपल्याकडे तशी सक्ति नसली तरी भल्या घरानें तें आपण होऊन करावें. चालू दुकानाचा खरा खर्च, खरी विक्री, नासधूस व वाईट महिनेही त्यांत लिहावेत. तें वाचून एकादा गृहस्थ परत गेला, तर दोघांचेंही हित झालें असें समजावें.

करारांत मुदत, क्षेत्र, मालाची खरेदी, तपासणीचा हक्क व फारकतीची रीत हीं कलमें ठळक असावींत. करार चालू असतां दुसऱ्याचा तसाच माल विकूं नये, हें बंधन टिकतें. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य केलें आहे. परंतु करार संपल्यावर 'अमुक धंदा करूं नये' असें बंधन १८७२ च्या कायद्याच्या २७ व्या कलमापुढें सहसा टिकत नाहीं. तात्पर्य, आज शिकलेला मनुष्य पांच वर्षांनीं शेजारींच नव्या पाटीखालीं भाजणी विकूं शकेल. म्हणून मसाल्याचें प्रमाण घरींच ठेवावें. फारकत किती लांबते याचें मोठें उदाहरण मॅक्डोनाल्ड्सच्याच उत्तर व पूर्व भारतांतील व्यवहाराचें आहे. १९९५ सालीं जुळलेली भागीदारी २०१३ सालीं बिनसली, २०१७ सालीं १६९ दुकानांचा परवाना रद्द करण्याची सूचना निघाली, आणि तडजोड २०१९ सालीं झाली. एवढा काळ वकिलांस पोसण्याचें बळ आपल्या घरांत नसतें.

आणखी एक मार्ग डोळ्यांपुढें असावा. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात भगिनींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच आजची लिज्जत पापडाची संस्था. तिच्या शाखा ठिकठिकाणीं झाल्या, पण नांव कोणास भाड्यानें दिलेलें नाहीं. कच्च्या मालाची खरेदी मध्यवर्ती, मळलेलें पीठ शाखेंतून मिळतें, पापड भगिनी घरीं लाटतात, आणि प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते. वाढ करावयाची म्हणजे फ्रँचायझीच दिली पाहिजे असें नाहीं. तिघां गृहस्थांस दुकानाची पाटी न देतां केवळ बांधलेल्या पुड्या घाऊक दरानें द्याव्यात, त्यांनीं त्या आपल्या दुकानांत विकाव्यात, हाही एक मार्ग आहे. यांत मिळकत कमी, पण पुडी फोडेपर्यंत माल आपल्या ताब्यांत राहतो.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या कुटुंबास आमचें सांगणें असें. तिघांस आज नकारही देऊं नये व नांवही देऊं नये. एक वर्षाची मुदत मागावी. त्या वर्षांत भाजणी व मसाल्यांचीं प्रमाणें लिहावींत, नांव नोंदवावें, नाशिकास पुतण्यानें स्वतः राहून घरचें एक दुकान चालवावें, आणि पुणें व नागपूर येथें केवळ पुड्या पाठवाव्यात. वर्षाअखेर नाशिकचा हिशेब भाडें, व्याज व पुतण्याचा पगार धरूनही जमला, तर पुण्यास एका दुकानापुरता, पांच वर्षांच्या मुदतीचा करार करावा. न जमला, तर घरचें दुकान व पुड्या यांवरच समाधान मानावें. धाकट्या बंधूंचा उत्साह व वडील बंधूंची सावधगिरी या दोहोंस त्या वर्षांत पुरेसें काम आहे.

एक गोष्ट पत्रांत नाहीं, ती विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. दुकानाच्या भागीदारीच्या कागदांत थोरल्या वहिनींचें नांव आहे काय? ज्या रीतीवर टक्के घ्यावयाचे, ती रीत त्यांची आहे. आजवर ती घरांतच राहिल्यामुळें तिचा मोबदला कोणीं मागितला नाहीं; पण ती बाहेर विकली जाऊं लागली म्हणजे तिच्या मिळकतींत त्यांचा वाटा नसणें न्यायाचें होणार नाहीं. प्रमाणें लिहून घेण्यापूर्वीं त्यांस रीतसर भागीदार करावें, आणि फ्रँचायझी देण्याच्या प्रत्येक करारावर त्यांची सही आवश्यक ठेवावी. वहीचें पहिलें पान त्यानंतर उघडावें. येत्या दिवाळीच्या भाजणीपासून आरंभ केला तर वर्षाची नोंद पुढच्या दिवाळीस पुरी होईल.